पाच मुक्या कळा

२६ ऑगस्ट, सोमवार

बात्तांबांगच्या या कचेरीत हरवलेल्या माणसांच्या नोंदी अकरा वर्षं हातानं लिहिल्या, आजपासून यंत्रावर. सारोएन मास्तरांनी दोन महिने झाकून ठेवलेल्या संगणकावरचं फडकं काढलं, खुर्ची पुसली आणि म्हणाले, "थाव्री, बस. चावत नाही ते."

चावलं नाही, पण लिहितही नाही. अर्जाच्या पहिल्या ओळीत ख्मेरमध्ये 'नाव' लिहायला गेले तर मधेच एक रिकामा चौकोन उमटला. चष्मा पुसला. पुन्हा चौकोन. खालच्या ओळीत 'वर्ष', तिथेही चौकोन. बाकीचे शब्द सरळ येतात. मास्तर मागून डोकावले तेव्हा मी खोकल्याचं निमित्त करून स्क्रीनसमोर वाकले.

ही खुर्ची माझ्या भाचीची, यंत्रातलं लॉगिनही तिचंच. तिचं नाव या वहीत घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. जूनअखेरीला ती कोरियाला शेतमजुरीला गेली. मला सांगितलं आठ दिवस आधी. बहीण गेल्यावर चौदा वर्षं मी तिला वाढवलं, आणि मला आठ दिवस. निरोप द्यायला मी बसथांब्यावर गेले नाही. काम होतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

यीमकाकू आल्या. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले, जिभेला मात्र काही झालेलं नाही. भावाची नोंद करायची आहे. लोकांना घरातून काढून सक्तीच्या मजुरीला नेत त्या वर्षांत तो नऊचा होता. मुलांच्या टोळीत घालून नेला, परत आला नाही. नाव छुम.

त्या सांगत गेल्या, मी बडवत गेले, आणि तिथेच माझी चोरी सुरू झाली. 'मी' लिहिलं की चौकोन येतो. म्हणून 'मी' गाळला. "मी मुआंग रुस्सेईला जन्मले" याचं "जन्म मुआंग रुस्सेईला" केलं. 'नाव' टाळून 'म्हणतात' घातलं. 'आठवतं' येईना. आठवणं आणि वाट पाहणं, दोन्हींना ख्मेरमध्ये शब्द एकच, तोही बाद. तिथे 'ध्यानात आहे' केलं. फक्त 'छुम'ला पळवाट नव्हती. तेवढी जागा मोकळी सोडली, छापल्यावर पेनानं भरली. माझं अक्षर सुंदर आहे, वाईट दिसलं नाही.

आपण हुशार आहोत असं वाटत घरी आले. भाताची पेज आणि सुकी मासळी खाल्ली. कोरियाच्या नंबरावरून फोन वाजला. वाजू दिला.

३० ऑगस्ट, शुक्रवार

यीमकाकू कागद न्यायला आल्या. "वाच," म्हणाल्या. वाचला.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचला.

"हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की, काकू."

"मग मी कुठाय यात? रांगेत कोण उभं होतं? त्याच्या कमरेला दोरीनं चमचा कोणी बांधला? वाऱ्यानं?"

मी म्हटलं, सरकारी भाषा अशीच असते. त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नाही त्यांना, पण बोट बरोबर पेनाच्या शाईवर गेलं.

"आणि हे काय हातानं?"

"छुम लिहिलंय."

"सगळं छापलेलं आणि तो तेवढा हातानं? पाहुणा आहे का तो?"

मास्तर आतल्या खोलीतून ऐकत होते. चहाचा पेला हातात घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "हा कच्चा कागद आहे. पक्का पितरांचा पंधरवडा संपायच्या आत मिळेल." काकू म्हणाल्या, "दर वर्षी देवळात मेलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या देते. आई, वडील, दोन बहिणी. त्याची देत नाही. सून म्हणते, निदान भाताचा एक गोळा तरी घाला बिचाऱ्याला. तो मेला असं मला कोणी येऊन सांगितलेलं नाही. त्याला भात घालणार नाही मी. पण हरवलेल्यांच्या यादीत तरी तो धडपणे असू दे."

त्या गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "कुठलं अक्षर येत नाही?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझा खोकला ते अकरा वर्षं ओळखतात.

२ सप्टेंबर

मास्तर म्हणाले, आधी दुखणं कुठे आहे ते मोज, औषध मग. दिवसभर एकेक कळ दाबून वहीत लिहिलं. पाच कळा मुक्या आहेत. पाचच. आणि पाचांत एक सारखेपणा आहे. प्रत्येक कळ एका फटक्यात दोन खुणा उमटवते. अक्षराखालची काठी आणि डोक्यावरचं वर्तुळ. काना आणि वर्तुळ. काठी आणि विसर्ग. ज्या कळा एकच खूण देतात त्या सगळ्या ठणठणीत.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून दुसरा कीबोर्ड आणून जोडला. तेच. म्हणजे कीबोर्ड मेलेला नाही. यंत्रात लिनक्स प्रणाली आहे. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन ख्मेर कळफलक काढून टाकला, पुन्हा घातला. तेच. कळफलकाचं चित्र स्क्रीनवर उघडलं, कळ दाबली की चित्रात बरोबर तीच कळ उजळते आणि तिच्यावर दोन्ही खुणा दिसतात. चित्रात बरोबर, कागदावर चौकोन.

आता जे मनात आलं ते लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. जूनमधल्या तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत भाची याच यंत्रावर काम करत होती. तिची शेवटची पानं मी उघडून पाहिली. सगळीकडे 'मी' आहे, 'नाव' आहे, 'वर्ष' आहे. एकही चौकोन नाही. त्या दिवसानंतर यंत्राला कोणी हात लावलेला नाही. मग बिघाड कोणी केला?

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं होतं, "जा. तुझ्यावाचून इथलं काही अडत नाही."

५ सप्टेंबर

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची प्रश्न विचारायची एक जागा असते. मास्तरांच्या सांगण्यावरून फोनवर भाषांतर करत करत तिथे प्रश्न टाकला. जेवून येईतो एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. दोनच ओळी. यंत्रात नवा युजर तयार करा, त्याच्या नावानं लॉगिन करा, तिथे कळा चालतात का सांगा.

मला हे कळलं नाही. दुखतंय माझं आणि तपासायचं शेजाऱ्याला? सोडून दिलं.

६ सप्टेंबर

युक्ती सापडली! दोन खुणा एका कळेनं येत नाहीत ना, तर दोन कळांनी आणायच्या. काठीची कळ वेगळी आहे, वर्तुळाची वेगळी. एक दाबली, मग दुसरी दाबली, आणि स्क्रीनवर 'मी' उमटला. अख्खा. एकटीच टाळी वाजवली. मास्तर म्हणाले, "कोण झालं पास?"

यीमकाकूंचा कागद पहिल्यापासून केला. पंचवीस ठिकाणी 'मी' आला. छुमही छापून आला.

मनात म्हटलं, बघ बाई, तुझ्यावाचून अडत नाही.

१३ सप्टेंबर

आठवड्यात त्रेचाळीस नोंदी. बोटांना सवय झाली आहे. हातानं लिहिताना मी नेहमी आधी डोक्यावरचं वर्तुळ काढते, मग खालची काठी ओढते. तशी ती पानाला टेकून डौलदार बसते. यंत्रावरही तोच हात पडतो. कधी घाईत उलटंही होतं. दिसायला सगळं एकच.

कोरियाचा फोन दोनदा. त्यांच्याकडे जेवणाची सुट्टी असावी, रोज त्याच वेळेला येतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी पायलिनहून एक तरणा माणूस आला, बोरिन म्हणून. लोंगानच्या बागांतून फळं गोळा करणाऱ्या गाडीवर काम करतो. मालाच्या खेपेबरोबर बात्तांबांगला आला होता, गाडी उतरेपर्यंत तासभर मोकळा. बूट दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसला.

"माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले," म्हणाला. "लहानपणी घरच्यांपासून तुटले होते. एक थोरली बहीण होती म्हणायचे. तिचं नाव सांगता यायचं नाही त्यांना. ताईच म्हणायचे ना तिला. कोणी शोधत असेल का त्यांना?"

"वडिलांचं नाव?"

"छुम."

खरं लिहायचं तर यीमकाकू आठवल्याच नाहीत. दिवसाला नऊ-दहा नोंदी करते मी, नावं डोक्यात राहत नाहीत, ती यंत्रात राहतात म्हणूनच तर यंत्र. शोधायच्या चौकटीत मी सावकाश, एकेक कळ नीट बघून 'छुम' लिहिलं. यंत्र म्हणालं, काही सापडलं नाही. पुन्हा लिहिलं. नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "इथे तरी नाही."

तो हसला. "नसणारच. आईपण म्हणाली होती, कशाला जातोस." बूट घालताना वाकून नमस्कार केला आणि गेला. फोन नंबर मी विचारला नाही. सापडलंच नाही तर कशाला, असं वाटलं.

१९ सप्टेंबर

देवळांत पाठवायच्या यादीचा कच्चा छाप वाचत होते. मास्तरांचा नियम आहे, छापलेलं बोटानं वाचायचं, डोळ्यांनी नाही. बोट अठ्ठाविसाव्या ओळीवर आलं. छुम, वय नऊ, मुआंग रुस्सेई, शोधणारी थोरली बहीण यीम.

बोट तिथेच राहिलं.

यंत्रावर बसून पुन्हा शोधलं. नाही सापडलं. कागदावर आहे, यंत्रात नाही. मग ती ओळच उघडली आणि 'छुम'वर एकेक खूण पुसत मागे गेले. आधी काठी पुसली गेली, मग वर्तुळ. म्हणजे लिहिताना वर्तुळ आधी लिहिलं होतं. माझ्या हाताच्या वळणानं. आणि शोधताना मात्र नीट बघून काठी आधी. डोळ्याला दोन्ही छुम सारखे. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

माझ्या सुंदर अक्षरानं तो माणूस परत पाठवला.

आज घरी काही शिजवलं नाही.

२० सप्टेंबर

मास्तरांना सगळं सांगितलं. चौकोन, चोरी, युक्ती, वर्तुळ, बोरिन. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "आणखी कितीजणांना नाही म्हणालीस?"

"या दोन आठवड्यांत चौघांना."

"चौघांची नावं लिही. पायलिनवाल्याचा पत्ता नाही ना? मग तू जा. कळा मग बघू, आधी माणूस."

२२ सप्टेंबर, रविवार

शनिवारी सकाळच्या शेअर टॅक्सीनं पायलिनला गेले. मागच्या बाकावर आम्ही चौघी आणि कोंबड्यांची टोपली. लोंगानची खरेदी करणाऱ्या आठ वखारी आहेत तिथे. सहाव्या वखारीत बोरिन सापडला, फळांच्या घोसांवरून पानं खुडत होता. मला ओळखलंच नाही त्यानं.

"मी चुकले," मी म्हटलं. "तुमच्या वडिलांचं नाव आमच्याकडे आहे. कदाचित."

तो उभा राहिला. हातातला घोस तसाच. "आहे म्हणजे?"

"मुआंग रुस्सेईची एक बाई आहे. भाऊ छुम. नऊ वर्षांचा होता."

"वडील बावेलचे म्हणायचे स्वतःला."

"मग नसतीलही. छुम पुष्कळ असतात."

वखारीतल्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. एकीनं मला स्टूल दिलं, दुसरीनं लोंगान सोलून पुढे केलं. बोरिननं कपाळ पुसलं. "बाई, तुम्ही हे सांगायला टॅक्सीनं आलात?"

"हो."

"फोन केला असतात तरी चाललं असतं."

"नंबर घेतला नव्हता मी."

हे ऐकून तिथल्या बायका जोरात हसल्या. मीही हसले. पंधरवड्याच्या शेवटी, दोन तारखेला तो येणार आहे. या खेपेस नंबर घेतला, दोनदा वाचून खात्री केली.

२४ सप्टेंबर

आधी चुकलेलं निस्तरलं. 'वर्तुळ-काठी' शोधून तिच्या जागी 'काठी-वर्तुळ' घालायला यंत्राला सांगितलं. एकशे सदतीस ठिकाणी बदल झाला. चौघांपैकी आणखी एकाचं नाव यादीत निघालं. मास्तर त्याला फोन करायला बसले, माझ्याकडून नंबर लावूनही घेतला नाही.

मग त्या अनोळखी माणसाचं दोन ओळींचं उत्तर आठवलं. या वेळी मान खाली घालून केलं. नवा युजर तयार केला, त्याच्या नावानं आत गेले. 'मी' लिहिला. एक कळ, अख्खा शब्द. नाव, वर्ष, आठवणं, सगळं एका फटक्यात. पाचही कळा बोलत्या.

त्या माणसाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: म्हणजे यंत्र ठीक, कळफलक ठीक. खोट तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे. ज्यांच्या नावापुढे टिंब असतं अशा फाइली दिसत नाहीत, त्या दिसतील असं करा, आणि दोन-दोन अक्षरं जोडणारी फाइल शोधा.

खोट तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे. काय पण बोलतात माणसं.

२५ सप्टेंबर, बुधवार

सापडली. टिंबवाली फाइल, सात ओळींची. तारीख २८ जून. तिचा कचेरीतला शेवटचा दिवस. वेळ संध्याकाळची, कुलूप लावायच्या जरा आधीची.

पहिल्या ओळीत यंत्रासाठी नव्हे, माणसासाठी लिहिलं होतं:

'मावशीसाठी. "अद्याप काही कळलेलं नाही, शोध चालू आहे" हे दिवसातून तीस वेळा लिहावं लागतं. मावशीची बोटं दुखतील. उजवीकडची रिकामी कळ आणि मग श दाबला की आख्खं वाक्य येईल. फल्ला.'

तिला माहीत होतं की तिच्यानंतर त्या खुर्चीत मला बसवतील. मला माहीत नव्हतं.

त्या माणसानं समजावलं ते असं. दोन खुणा जोडायची एक मोठी यादी यंत्राकडे असतेच. पण घरात स्वतःची यादी ठेवली की यंत्र फक्त तीच वाचतं आणि मोठीला विसरतं. आपल्या यादीच्या वर एक ओळ लिहावी लागते, 'आधी मोठी यादी वाच' अशी. फल्लानं ती लिहिली नव्हती. एवढंच. ती लिहून यंत्र बंद करून निघून गेली, त्यामुळे तिला कधी कळलंच नाही.

आणि मी महिनाभर काय काय मनात आणलं ते याच वहीत तीन पानं मागे आहे. ती पानं फाडणार होते. फाडली नाहीत. राहू देत.

२६ सप्टेंबर

ती ओळ घातली. फाइल जपून ठेवली. लिहायच्या पानावर जाऊन कळ दाबली. चौकोन.

ओळ पुसून पुन्हा लिहिली. अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. चौकोन. मास्तर म्हणाले, फाइलच काढून टाक. मी म्हटलं, "नाही." जरा जोरातच म्हटलं गेलं.

२७ सप्टेंबर

सकाळी दहाला वीज गेली, अकराला आली. यंत्र सुरू करून, लॉगिन करून बसले, आणि पाचही कळा चालतात! मी आज काहीच केलेलं नाही. कालचीच ओळ, कालचीच फाइल. यंत्रालाही थोडी विश्रांती लागत असेल. मास्तरांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "असेल बाई. मलाही लागते."

उजवीकडची कळ दाबली, मग श. आख्खं वाक्य धावत आलं.

यीमकाकूंचा पक्का कागद छापला. त्यांना बोलावून वाचून दाखवला. बोरिनबद्दलही सांगितलं, जेवढं ठाऊक तेवढंच. जिल्हा जुळत नाही हेही. त्यांनी खांद्यावरच्या पंचाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"माझं नाव केवढ्या अक्षरात छापलंय?"

"सगळ्यांएवढंच."

"मोठं कर. छुमला ठाऊक आहे तो कुठे आहे ते. त्याच्या हिशोबी हरवलेली मी आहे."

मोठं केलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

पितरांच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चिखलात चपलांचा ढीग, डब्यांत केळीच्या पानातले भात, अगरबत्त्यांचा धूर. यीमकाकू सुनेच्या खांद्याला धरून आल्या. बोरिन आईला घेऊन आला होता. आई अवघडून मागे उभी, हातात लोंगानची पिशवी.

मास्तरांनी ओळख करून दिली. काकू त्या पोराकडे बघत राहिल्या. बघण्यासारखं काय होतं? नऊ वर्षांच्या चेहऱ्यावरून अठ्ठाविसाचा कसा ओळखणार?

"तुझा बाप डावखुरा होता का रे?"

बोरिननं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही हो. उजव्या हातानंच सगळं."

सून हळूच म्हणाली, "आई, मग नसेल."

"तिथे डाव्या हातावर मारत असतील," काकू म्हणाल्या. "टोळीत सगळ्यांनी एका हातानं कुदळ धरायची."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. पुरावा एवढा पातळ असताना आम्ही नोंद जुळली असं लिहीत नाही. तसा नियम मास्तरांनीच केलेला आहे. काकूंना हे समजत नसेल असं मला वाटलं, म्हणून मी म्हटलं, "काकू, हे तेच असं आम्हाला सांगता येणार नाही."

"मी कुठे विचारलं तुला?" त्यांनी बोरिनच्या आईच्या हातातली पिशवी घेतली, सुनेकडे दिली. "काय म्हणायचा गं तो बहिणीबद्दल?"

"फार नाही बोलायचे. भूक लागली की ती आपला भात द्यायची, एवढंच म्हणायचे."

"भात सगळ्याच बहिणी द्यायच्या," काकू म्हणाल्या. मग चिठ्ठ्या लिहिणाऱ्या उपासकाकडे गेल्या आणि आमच्या सगळ्यांसमोर नावं सांगितली. आई, वडील, दोन बहिणी. थोडं थांबून म्हणाल्या, "आणि छुम. या पोराचा बाप."

भात वाहून परत आल्या, माझ्याजवळ बसल्या. मी विचारलं, "मग यादीतलं नाव काढायचं ना?"

"कशाला?"

"तुम्ही त्यांना आत्ता भात घातलात."

"या छुमला घातला. त्याला कोणी बहीण सापडली नव्हती, बिचाऱ्याला. माझा छुम यादीत राहू दे." गुडघा चोळत हसल्या. "आता दोन झाले."

बोरिन वाकून त्यांच्या पाया पडला. त्याला आत्या म्हणायचं की काकू ते ठरेना, तर त्या म्हणाल्या, "आत्या म्हण. फुकट आहे."

मला हे नीट समजलेलं नाही. आमच्या नोंदीत असा रकाना नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी फोन आला. मास्तर समोर वर्तमानपत्र वाचत होते. उचलला.

"मावशी?" पलीकडे एवढं शांत की तिचा श्वास ऐकू आला. "मावशी, उचललास?"

"उचलला ना, दिसत नाही?"

चित्र सुरू झालं. प्लास्टिकच्या मांडवात बसली होती, मागे हिरव्या पानांच्या जुड्या. दहा-दहा पानांची जुडी बांधायची, दिवसाला ठरलेल्या जुड्या झाल्याच पाहिजेत, म्हणाली. जेवलीस का, विचारलं. भात आणि आंबवलेली कोबी. आंबवलेल्या मासळीचं प्राहोक मिळतं का, विचारलं. एक मुलगी घरून घेऊन आली होती, तिच्या खोलीत सगळ्या जमतात, मालकाला वास येतो म्हणून खिडकी लावून खातात. दोघी हसलो. माफी मागायची ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते, "स्वेटर आहे का तुझ्याकडे?"

"आहे." मग जरा घुटमळून, "मावशी, मी एक फाइल ठेवून आले होते. चालली का ती?"

मास्तरांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"चालली," मी म्हटलं. "रोज वापरते."

बाकीचं सांगितलं नाही. समोरासमोर बसू तेव्हा सांगीन. ती काहीतरी बोलायला गेली आणि चित्र अडकलं. आवाजही गेला. हसत होती की रडत होती कळलं नाही. मी फोन खाली ठेवला नाही. डोक्यावर टोपी, रापलेले गाल, तोंड अर्धं उघडं. बहीण या वयात अशीच दिसायची. त्या अडकलेल्या चित्राकडे मी बघत बसले, ते आपोआप बंद होईपर्यंत.